एकाच जहाजाची दोन तिकिटं

"आपण आत्ता समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहोत हो?"

काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून आणि चेहरा होता होईल तेवढा भाबडा ठेवून मी हे विचारलं. जहाजावर उभं राहून! काचेच्या फुलदाणीला माझा फोन टेकवलेला होता आणि त्यात व्हिडिओवर माझ्या मैत्रिणी डेलेनी आणि कायला तोंडात बाह्या कोंबून हसत होत्या.

अमेरिकेच्या पार उत्तरेकडच्या एका बेटावर, आमच्या केचिकानमध्ये, हा खेळ आहे. उन्हाळाभर रोज जहाजं येतात, गावाच्या डोक्यावरून दिसतील एवढी उंच, आणि त्यातून उतरणारी माणसं आम्हाला काहीही विचारतात. पाणी या बेटाच्या चारही बाजूंनी आहे का? उत्तरेकडचे ते रंगीत प्रकाश किती वाजता चालू करता? डेलेनीच्या आईचं धक्क्यावर आइस्क्रीमचं दुकान आहे, तिथल्या भिंतीवर आम्ही असले प्रश्न खडूने लिहून ठेवतो. समुद्रसपाटीचा प्रश्न कायम पहिल्या नंबरावर. आणि या वेळी आयुष्यात पहिल्यांदा मीच जहाजात बसले होते, म्हणून दोघींनी पैज लावली होती. अमी, तू हे विचारूनच दाखव.

दोन वर्षांपूर्वीची मी असते तर काउंटरपर्यंतसुद्धा गेले नसते. वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज चिरकायचा. पण यंदा मी वादविवादात जुनो शहराच्या शाळेतल्या मुलाला हरवून आलेय, आता मला कोण अडवतं!

काउंटरमागच्या बाईने डोळे मिटून कपाळ चोळलं. "सातव्या मजल्यावर आहोत. भरतीला थोडं जास्त." मग माझ्याकडे नीट बघून ती खो खो हसली आणि सरळ आमच्या टागालोग भाषेत आली. "कुठली गं तू? आपलीच दिसतेस."

तिच्या छातीवर नाव होतं रोवेना, खाली गाव, इलोइलो. मी तिला लगेच आते म्हणून टाकलं. आते म्हणजे आमच्यात ताई, तसंच ताताय म्हणजे बाबा, नानाय म्हणजे आई, लोलो आणि लोला म्हणजे आजोबा-आजी. जहाजावर निम्मी माणसं फिलिपिन्सची असतात, त्यामुळे तुमच्या घरातल्यापेक्षा जास्त ताया तुम्हाला तिथे भेटतात.

"मी केचिकानची, आते. धक्क्यावर दोर पकडतात ना, त्यातले एक माझे ताताय. तुमच्या जहाजाचा दोर दर बुधवारी तेच पकडतात."

"अगंबाई! मग निघालात कुठे?"

"घरीच. मी आणि माझे लोलो. काल सिएटलला बसलो, बुधवारी केचिकानला उतरणार."

तिचं हसू गेलं. हळूहळू नाही, दिवा मालवावा तसं. तिने फुलदाणीपाशी हात नेऊन माझा फोन पालथा घातला. डेलेनी आणि कायला काळोखात गेल्या.

"सिएटलला बसलात? याच जहाजात?"

"हो. सिएटल ते व्हँकुव्हर एक तिकीट, व्हँकुव्हरपासून पुढे दुसरं."

"आणि तू हे मला सांगितलंस," ती पुटपुटली. "त्या मूर्ख प्रश्नाचं उत्तर घेऊन निघून गेली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं?"

जहाज तेव्हा व्हँकुव्हरच्या धक्क्याला लागलेलं होतं. जुने प्रवासी बॅगा ओढत उतरत होते. आमच्यासारखे पुढे जाणारे मोजकेच, त्यांना थोड्या वेळाने खाली नेऊन अमेरिकेच्या अधिकाऱ्यांकडून तपासून पुन्हा वर आणणार होते.

आते रोवेनाने मला बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं. हे जहाज परदेशी झेंड्याचं, म्हणजे परदेशात नोंदलेलं आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरात घेतलेला माणूस अमेरिकेच्या दुसऱ्या बंदरात उतरवायचा नाही. मध्ये एखादं लांबचं परदेशी बंदर लागलं तरच चालतं.

"पण व्हँकुव्हर परदेशच आहे की!"

"परदेश आहे, लांबचं नाही. कायद्याच्या लेखी लांबचं म्हणजे कोलंबिया, पेरू, तिकडचं."

"तिकिटं दोन आहेत, आते."

"तिकिटं वीस काढलीस तरी जहाज एकच ना? बसलात सिएटलला, उतरणार केचिकानला. मधे काय काय झालं ते त्यांना नको असतं."

 आम्ही काही हौसेने फिरत नव्हतो. लोलोंच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला होता, त्याचं ऑपरेशन सिएटलला झालं. डॉक्टरांनी डोळ्यात वायूचा बुडबुडा भरलाय. तो जिरेपर्यंत मान खाली ठेवायची आणि विमानात पाऊल टाकायचं नाही, कारण वर गेलं की बुडबुडा फुगतो आणि डोळा कायमचा जातो. केचिकानला रस्ता नाही. सरकारी फेरीबोटीचं इंजिन बिघडलं होतं आणि ती या आठवड्यात निघणारच नव्हती.

आणि येत्या गुरुवारी लोला फेलिसिंगला जाऊन वर्ष होत होतं. त्या दिवशी आमच्यात बाबांग लुक्सा असतो, सुतक उतरवायचा दिवस. प्रार्थना होते, मग घरचे काळे कपडे काढतात. लोलोंनी वर्षभर शर्टावर काळी पिन लावली होती, गंजली तरी बदलली नव्हती. ती लोलाच्या फोटोसमोर, सगळ्यांच्या देखत, त्यांनीच काढायची. हा दिवस पुढे ढकलता येत नाही. लोलोंविना तर तो होतच नाही.

म्हणून ताताय म्हणाले होते, बुधवारचं जहाज आपल्या दारावरूनच जातं की! असं फक्त आमच्याच गावच्या माणसाला सुचू शकतं. रोज ज्याचे दोर पकडतो ते जहाज त्यांना गल्लीतल्या बससारखं वाटतं. बसमध्ये लोलोंना मान खाली घालून बसवणं कठीण, जहाजात पलंग तरी असतो, म्हणून व्हँकुव्हरपर्यंतही जहाजच. पहिलं तिकीट तातायनी काढलं, दुसरं नानायने, वेगवेगळ्या ठिकाणांहून. त्यामुळे दोन्हींची गाठ कुणी घातलीच नाही. ती मी घातली, समुद्रसपाटी विचारता विचारता.

"आते, आता तू काय करणार?"

तिने दाराकडे पाहिलं. "मी चहाला जाते. परत आले की खाली जाणाऱ्यांना घेऊन निघेन. तोवर तू काही सांगितलं नाहीस तर मी काही ऐकलं नाही. पण केचिकानला दोन माणसं परत चढली नाहीत, तर काउंटरवर त्यांच्याशी कोण बोलत होतं ते विचारतील. वर कॅमेरा आहे." तिने छातीवरची नावाची पट्टी सरळ केली. "माझी दोन पोरं इलोइलोला आहेत. हे मी तुला घाबरवायला सांगत नाहीये. पण सांगतेय."

खोलीत लोलो खुर्चीत पुढे वाकून बसले होते, कपाळ उशीवर.

"या गालिच्यावर एकूण तीन जातींचे मासे आहेत," ते म्हणाले. "एकही खाण्यासारखा नाही. काय झालं? पळत आलीस."

मी सांगितलं.  ते उशीतूनच म्हणाले, "पेरूवरून गेलो तर चालेल म्हणतात? मग पुढच्या वर्षीच्या बाबांग लुक्साला पोचू."

मी हसले नाही. तातायना फोन लावला आणि बहुतेक इथेच उतरावं लागेल म्हणून सांगितलं. मागे पत्र्यावर दोर आपटल्याचे आवाज येत होते, ते कामावर होते.

"कोण म्हणतं उतरा?" ताताय ओरडले. "मी वीस वर्षं धक्क्याला जहाजं बांधतोय, मला कुणी सांगितलं नाही असलं काही!"

"तुम्ही जहाज बांधता, ताताय. माणसं नाही उतरवत."

"जास्त बोलू नकोस. ऐक. त्या बाईने ऐकलं नाही म्हटलंय ना? मग तूही बोलली नाहीस. तपासणीत विचारलं तर सांग, व्हँकुव्हरला बसलो, फिरायला चाललोय. बुधवारी फिरायला उतरणाऱ्यांच्या गर्दीतून उतरा आणि सरळ घरी या. मी दोरापाशीच असेन."

"आणि आते रोवेना?"

"ती कोण?"

"तीच बाई."

पलीकडे दोर आपटला. "अमिहान, नानायने पन्नास माणसांना बोलावलंय. पाद्रे येतायत. तुझ्या लोलाचं वर्ष आहे. व्हँकुव्हरला उतरलात तर तिथून आणायचं कसं तुम्हाला? जहाजातून उतरायचं नाही. आणि काही झालं तरी लोलोंचा हात सोडायचा नाही. कळलं?"

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

खाली जायची घोषणा झाली. आते रोवेना हातात पाटी धरून पुढे, आम्ही मागे. तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी लोलोंचा दंड धरून त्यांना चालवत होते, वाकलेले, नजर फरशीला खिळलेली. छातीवरची पिन त्यामुळे कुणाला दिसत नव्हती, फक्त मला माहीत होती.

दालनात लांब रांग होती. पलीकडे काचेच्या खोक्यात अधिकारी. आमच्या रांगेचा अधिकारी तरुण होता, छान हसत होता, आणि तेच वाईट होतं. तो प्रत्येकाशी गप्पा मारत होता. कुठून बसलात? कुठपर्यंत? मुलं किती? एक आजी त्याला नातवंडांचे फोटो दाखवत होत्या आणि तो बघतही होता!

मी मनात उत्तर घोळवलं. व्हँकुव्हरला बसलो. फिरायला चाललोय. व्हँकुव्हरला बसलो. वादविवादात मला हवी ती बाजू देतात आणि मी ती खरीच असल्यासारखी मांडते, त्यात मला बक्षीस आहे. मग हे एवढं वाक्य का जड जावं?

"पुढच्याचे बूट हलले," लोलो खालून म्हणाले. "चल."

आम्ही पुढे सरकलो.  समोर अजून तीन-चार जण.

"तू काय सांगणार आहेस त्याला?"

"ताताय म्हणाले तेच."

"बरं."

पुन्हा बूट हलले. आम्ही सरकलो.

"अमी, मला आत्ता तुझे पायच दिसतात. तोंडाने तू काय ठरवलंस मला माहीत नाही. पण तुझ्या पायाची बोटं सँडलमध्ये अशी आवळली आहेत, जशी लहानपणी दातांच्या डॉक्टरकडे आवळायचीस."

मी खाली बघितलं. खरंच आवळली होती.

"त्या पोरीची मुलं किती म्हणालीस?"

"दोन."

"आणि मी अशा तऱ्हेने घरी जाऊन फोटोसमोर उभा राहू? फेलिसिंगला काय माहीत नव्हतं माझं? डबाबंद मासळीच्या कॅनरीतून मी एकदा मासे लपवून आणले होते तर तिने ते मला शिजवूनसुद्धा दिले नव्हते." त्यांनी छातीवरची पिन चाचपली. "पण घरी पोचायचंय मला. पोचायचंच आहे. तेही खोटं नाही. मला फक्त फरशी दिसते, तू बघ. तुला लांबचं दिसतं."

समोरचा माणूस खोक्याकडे गेला. आता आम्हीच. अधिकाऱ्याने त्याचा पासपोर्ट उलटला, काहीतरी विनोद केला, शिक्का मारला आणि आमच्याकडे बघून बोटाने खुणावलं. या.

मी लोलोंना वळवलं. रांगेच्या दोरीखालून ते आधीच वाकलेले असल्यामुळे सहज गेले, माझं मात्र डोकं आपटलं. मागून कुणीतरी म्हणालं, अहो, तुमचा नंबर आहे! मी मागे न बघता पाटीच्या दिशेने चालत सुटले.

"आते," मी म्हणाले, आणि माझा आवाज पुन्हा चिरकला, पूर्वीसारखा, "आम्ही सिएटलला बसलो होतो आणि केचिकानला उतरणार होतो. आता तू हे ऐकलंयस."

तिने पाटी खाली घेतली. आधी डोळे मिटले आणि मग माझ्या कानाला चिमटा काढला, चांगला जोरात. "ऐकलं," ती म्हणाली. "आता मला तुमच्यासाठी काहीतरी करता येईल. मघाशी येत नव्हतं."

मी तिला डोळ्याचं आणि गुरुवारचंही सांगितलं, आणि ती तिच्या वरिष्ठांशी बोलायला गेली. आम्ही खांबापाशी बसलो. लोलो गुडघ्यांवर कपाळ टेकून, मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून. काचेतून आमचं जहाज दिसत होतं आणि नवीन लोक त्यात चढत होते. बुधवारी ते जहाज आमच्या घरासमोर उभं राहील आणि ताताय त्याचा दोर पकडतील. आम्ही त्यात नसू. मला एकदम रडू आलं. नानाय या वेळी लुंपियाचे रोल वळत असेल, ताटंच्या ताटं, पन्नास माणसांची.

मग मला तो प्रश्न सुचला. पैजेचा नव्हे, माझा. आते रोवेना परत आली तेव्हा मी उठूनच उभी राहिले.

"आते, तू म्हणालीस, जहाज एकच म्हणून गुन्हा. मग जहाज दुसरं असेल तर?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मी तेच सांगायला येत होते, तोंडातलं काढलंस. सिएटल ते व्हँकुव्हर या जहाजाने, ते आता संपलं, इथे उतरलात. व्हँकुव्हर ते केचिकान दुसऱ्या जहाजाने, म्हणजे परदेशातून तुमच्या देशात. त्याला कुणाची हरकत नाही. तेच पाणी, तोच धक्का, तोच बुधवार."

"आहे दुसरं जहाज?"

तिने हनुवटीने दाखवलं. दालनाच्या पलीकडच्या बाजूला, दुसऱ्या कंपनीचं, निळ्या पट्ट्याचं. "संध्याकाळी सुटतं. माझी भावजय तिकडे खोल्यांच्या कामावर आहे, लोर्ना. तिने विचारून घेतलं. डोळ्याचं कारण आहे म्हणून ते केचिकानला मध्येच उतरू देतील. कुणीतरी रद्द केलेली एक खोली परत आलीय." ती ओठ चावून थांबली. "पण ती एकट्याची आहे. एकच पलंग, एकच माणूस. दुसरी नाही, मी दोनदा विचारलं. आणि लगेच नाव द्यावं लागेल, प्रवाशांची यादी बंद होतेय."

एकट्याची. मी लोलोंच्या दंडाकडे बघितलं, तो अजून माझ्या मुठीत होता. लोलोंचा हात सोडायचा नाही. डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब. जिने. दारांचे उंबरठे. मान खाली घालून चालणारा म्हातारा माणूस, हजारो लोकांच्या जहाजात, ज्याला समोरून येणाऱ्याचा चेहरासुद्धा दिसत नाही. पडले तर? आदळून डोळ्याला काही झालं तर? मला विमान चालतं, मी सिएटलमार्गे मंगळवारीच घरी पोचेन. त्यांना चालत नाही. घरी जायला मला दहा वाटा होत्या. त्यांना एकच, आणि तीही बंद होत होती.

"लोलो..."

"ऐकलं मी. डोळा गेलाय, कान नाहीत गेले." ते हळूहळू उठले, खांबाला धरून. "वर्षभर मला कुणी ना कुणी हाताला धरून फिरवतंय. फेलिसिंग गेली तेव्हापासून. आधी माझे डोळे चांगले होते तेव्हासुद्धा धरत होतात. मी म्हातारा आहे, पार्सल नाही."

"थेंब विसराल तुम्ही."

"विसरेन," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "खाली दिसतं तेवढंच आठवतं मला आजकाल."

मी खाली बघितलं. त्यांचे पांढरे कॅनव्हासचे बूट. समोर पांढरं रबर, कोरं, स्वच्छ.

"आते, मार्कर आहे?"

मी फरशीवर बसले आणि लिहिलं. डाव्या बुटावर: थेंब. उठल्यावर, जेवल्यावर, चहानंतर, झोपताना. उजव्यावर: लोर्ना, आणि तिचा नंबर. खोलीचा आकडा आते रोवेनाने सांगितला, तो मी दोन्हींवर लिहिला. जागा उरली म्हणून शेवटी लिहिलं: समुद्रसपाटी – शून्य. लोलोंनी वाचलं आणि त्यांचे खांदे हलले. ते हसत होते, पण त्यांच्या नाकाच्या टोकावरून एक थेंब माझ्या हातावर पडला, तो औषधाचा नव्हता.

"यादी," आते रोवेना म्हणाली.

मी फोन उचलला आणि घरी लावला. या वेळी दोघंही होते. ताताय जेवायला घरी आले होते, पिवळा कोट अजून अंगावर. मागे टेबलावर लुंपियांचा डोंगर, आणि त्याच्यामागे लोलाचा फोटो, काळ्या फितीतला.

"आलात ना जहाजात परत?" नानायने पिठाचे हात पुसत विचारलं. "झाली ना तपासणी?"

"थांब, मला बोलू दे तिच्याशी," ताताय म्हणाले. "अमिहान, काय सांगितलंस त्या अधिकाऱ्याला?"

काचेबाहेर एका जहाजाने भोंगा दिला. आमचं की पलीकडचं, कळलं नाही. माझ्या पायाची बोटं सरळ होती, मी मुद्दाम बघून घेतलं.

"ताताय, नानाय, मी तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय," मी म्हणाले. "आम्ही उतरलोय. लोलो दुसऱ्या, निळ्या पट्ट्याच्या जहाजाने येतायत, एकटे. मी त्यांचा हात सोडतेय आणि विमानाने येतेय. बुधवारी त्या जहाजाचा दोर तुम्ही पकडा."